पाणी उपसणारा जीव

ह्यांची सगळी नोकरी जहाजावर, इंजिनरूममध्ये झाली. माझी दापोलीत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात. दोघं निवृत्त झालो, आता निवांत एकत्र राहू म्हटलं, तर ह्यांच्या साखरेने दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मशीनवरचे तास ह्यांनी निमूट सोसले. सोसवली नाही ती तहान. लघवी जवळपास बंद, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहणार, पाय सुजणार, मग छातीत भरणार. डॉक्टरांनी मोजकंच पाणी सांगितलं होतं. ते मी सकाळी एका छोट्या बाटलीत भरून द्यायचे आणि घरातल्या बाकीच्या पाण्यावर पहारा करायचे. दुसरं कामच उरलं नव्हतं मला.

हे चोरायचे. चूळ भरायला म्हणून न्हाणीघरात जायचे आणि ती चूळ बाहेर यायचीच नाही. फ्रिजमधला बर्फ, ताकाच्या भांड्यात विसळणीचं राहिलेलं पाणी, एकदा तर झाडांच्या झारीतलं. मशीनला लावण्याआधी काट्यावर उभं केलं की चोरी उघडी पडायची. नर्स माझ्याकडे बघायची, मी ह्यांच्याकडे आणि हे छताकडे. मी जात्याच तापट, त्यात हे. "मरायचंय का तुम्हाला?" असं मी भर वॉर्डात विचारलेलं आहे.

"मरायचं नाय गो, पाणी प्यायचंय," हे म्हणाले. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला, तर मी त्याच्यावरही डोळे वटारले.

शेवटी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ओरडून कळत नाही ते दाखवून कळतं, यावर मी अख्खी नोकरी काढली होती. कॉलेजने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप माझ्याकडे होता. खाचरातलं पाणी बरणीत आणलं, त्यात पेंढ्याच्या चार काड्या टाकल्या आणि बरणी पडवीत ठेवून दिली. पाणी गढूळलं, वर साय धरली, वास सुटला. ह्यांनी बरणी हुंगून नाक मुरडलं आणि म्हणाले, "ह्यातलं तरी देतंस काय प्यायला?"

थेंब काचेवर घेतला. पॅरामिशियम फार पळतो, म्हणून कापसाचे तंतू टाकून त्याची वाट अडवली. मग ह्यांना खुर्चीत बसवून डोळा लावायला लावला. स्लीपरच्या आकाराचा, आरपार दिसणारा तो एकपेशी जीव तंतूंमध्ये अडकून थरथरत होता. मी शेजारी उभी राहून एकेक अवयव सांगत गेले. अंगभर लव आहे, ती वल्ह्यांसारखी चालते. बाजूला तिरपी खाच आहे ती तोंडाकडे जाते. लवेच्या झपाट्याने खाणं आत ओढलं जातं, त्याचे बुडबुडे होतात आणि ते शरीरभर फिरत पचत जातात. मध्ये पुसट दिसतं ते मोठं केंद्रक. वर्गात इतकी वर्षं मी ते 'मूत्रपिंडाच्या आकाराचं' असं सांगत आले. त्या दिवशी 'घेवड्याच्या दाण्यासारखं' म्हटलं.

"आणि आता दोन्ही टोकांना बघा," मी म्हटलं. तिथे त्याच्या संकोची रिक्तिका असतात. चांदणीच्या किरणांसारख्या बारीक नळ्यांमधून पाणी गोळा होतं, मधोमध एक स्वच्छ गोल फुगत जातो आणि क्षणात नाहीसा होतो, पाणी बाहेर. पुन्हा किरण, पुन्हा गोल. पुढचा रिकामा झाला की मागचा.

"काय गो, हा तर बिल्ज पंप!" हे ओरडले. जहाजाच्या तळाशी झिरपून साचतं ते पाणी उपसणारा पंप. एकामागून एक दोन पंप चालतायत हे त्यांना फार आवडलं.

मी धडा पुढे रेटला. ह्याचं अंग बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून गोडं पाणी सारखं आत शिरतं. उपसलं नाही तर फुगून फुटणार. तुमचे पंप बंद आहेत, कळलं का?

"कळलं. पण हा चोवीस तास पाण्यात आणि ह्याला कोण पुरे म्हणत नाय," हे म्हणाले आणि डोळा तिथून काढला नाही. धडा पाण्यात गेला. उलट मला नवीन ताप झाला, कारण डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी उठल्यापासून ह्यांना स्लाइड करून हवी असायची. बघताबघता बर्फही चोखायचे. खरं सांगते, चिडत होते तरी ते दिवस मला आवडले.

मग एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि ह्यांनी हाक मारली. एकाच स्लाइडवर फार वेळ बसले होते. थेंब आटला की वरची पातळ काच खाली दाबते आणि जीव चपटा होतो. मी डोळा लावला. मागचा गोल फुगला होता आणि रिकामाच होत नव्हता. अंगाला एका बाजूने पारदर्शक फोड आला होता. मी बाजूला झाले, हे पुन्हा बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पंप बसला." मी पाहिलं तेव्हा कातडी फुटली होती, आतले कण पाण्यात पसरत होते आणि एका तुकड्यावरची लव अजून हलत होती.

"बघितलंत?" मी म्हटलं. "हेच सांगत होते मी." वर्गातलाच आवाज लागला माझा. हे उठले. मायक्रोस्कोपवर त्यांनी स्वतः फडकं घातलं.

त्यानंतर चोरी बंद झाली. वजन बरोबर येऊ लागलं, नर्सने शाबासकी दिली. चूळ न्हाणीघरात वाजू लागली. मी दिलेल्या बाटलीतलंसुद्धा संध्याकाळी उरायचं. स्लाइड नको, बरणी ओतून टाक म्हणाले. आमच्यातलं भांडणही संपलं आणि घर असं गप्प झालं की मला आत बसवेना. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं. एका दुपारी मी मुद्दाम फ्रिजचं दार उघडं टाकून शेजारी जाऊन बसले. परत आले तर हे खुर्चीत तसेच, आणि बर्फ ट्रेमध्ये वितळून पाणी झालेला. कोणी हात लावला नव्हता. मी ट्रे मोरीत ओतला आणि तिथेच उभी राहून रडले.

इतकं पथ्य पाळूनही पावसाळ्याच्या शेवटी हृदयाने दगा दिलाच. गावी, केळशीला नेलं. अंगणात तिरडी बांधून झाल्यावर कुणा वडीलधाऱ्याने हाक दिली, "पाणी पाजून घ्या सगळ्यांनी." तुळशीचं पान घातलेला तांब्या पुढे आला. भाऊबंद, शेजारी, कधी तोंड न दाखवलेले लोक एकेक करून वाकू लागले आणि ह्यांच्या तोंडात पाणी घालू लागले. पळीमागून पळी. मला संताप आला. 'पुरे' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता.

मग पळी माझ्या हातात दिली. मी ती बुडवली आणि सवयीने निम्मं पाणी तांब्यात परत ओतलं.

"वयनी, भरून घाल गो," नणंद रडत म्हणाली. "आता काय व्हायचाय त्येका?"

मी काठोकाठ भरली आणि घातली. पाणी आत गेलं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून गालावर, तिथून कानाकडे ओघळलं. मी पदराने पुसलं आणि पुन्हा भरली. तेही ओघळलं. पुन्हा भरली. कुणीतरी माझा हात धरेपर्यंत मी घालतच होते.