एका कवितासंग्रहाचा एकमेव वाचक

काढून टाकायच्या पुस्तकांच्या यादीत सतरा नावं होती. सोळांवर मी मुकाट्यानं खूण केली. सतराव्यावर हटून बसले.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी लायब्ररियन होते. कपाटं भरली की न वाचली जाणारी पुस्तकं बाहेर काढावी लागतात. आम्ही त्याला विड्रॉ करणं म्हणतो. सतरावं पुस्तक कवितासंग्रह होता. कविता अवघड, ओळीओळीला पुराणातले संदर्भ. वाचनालय समितीचे अध्यक्ष पेशानं वकील. असलं पुस्तक सामान्य माणसाला काय कामाचं, असं त्यांचं म्हणणं. समितीतले एक प्राध्यापक मात्र ते राहू द्या म्हणून भांडत होते.

मी डेट स्लिप दाखवली. पुस्तक घरी देताना परतीच्या तारखेचा शिक्का मारतात, ती मागच्या पानावरची चिठ्ठी. वर्षभरात नऊ शिक्के, सगळे एकाच वाचकाचे. शिवाप्पा. कबनूरला यंत्रमागावर कामाला, शिक्षण सातवी. सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायचा. अडलेले शब्द मला विचारायचा. बरेचसे मलाही येत नसत. मग आम्ही दोघं कोश काढून बसायचो.

"बोलवा त्यांना," अध्यक्ष म्हणाले. मी हरखले. शिवाप्पा नको म्हणत होता, मीच गळ घातली. इस्त्रीचा सदरा घालून तो समितीपुढे उभा राहिला. बसा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

प्राध्यापकांनी संग्रह उघडला. "यातली कद्रू कोण?"

"नागांची आई. पैजेत लबाडी करून तिनं सख्ख्या बहिणीला दासी केलं."

"ठीक. मग या कवितेत ती कशासाठी आली?"

शिवाप्पानं मान हलवली. "ते समदं न्हाय कळलं, सर. पर वाचताना माझ्या थोरल्या बहिणीची आठवण येतीया. म्हणून परत परत नेतोय."

अध्यक्ष हसले. प्राध्यापक तरी सांभाळून घेतील असं वाटलं होतं. तेही हसले. अशा वाचनानं कवितेवर अन्याय होतो म्हणाले, हे अभ्यासकांचं पुस्तक आहे. अध्यक्षांनी मान डोलावली. तासभर वाद घालणाऱ्या त्या दोघांचं पहिल्यांदाच जमलं. पुस्तक संदर्भ विभागात गेलं. म्हणजे घरी न्यायचं नाही, तिथंच बसून वाचायचं, तेही अर्ज मंजूर झाला तर.

अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता. मी शिवाप्पाला म्हटलं, सातवी लिहा, मंजुरीचं मी बघते. त्यानं कोरा कागद परत सरकवला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी मला बोलवायला नको हुतं."

नंतर तो आला नाही. महिन्याभरानं त्याचं वाचनालयाचं कार्ड तेवढं पोस्टानं परत आलं.

अवघड कविता सामान्यांसाठी असते का, यावर पुढे आमच्याच हॉलमध्ये परिसंवाद झाला. प्राध्यापक छान बोलले. तो संग्रह मात्र मी रिटायर होईपर्यंत त्यांनी एकदाही मागितला नाही. दुसऱ्या कुणीही नाही.

समितीला शिक्के दाखवावेत. वाचक दाखवू नये.