मंजुरीचा लाल

पालघरच्या छापखान्यात शाई कालवायचं काम माझं. काळा मजकूर काय, कुणीही छापील. पण दंतमंजनाच्या पुड्याचं लाल वेष्टण आलं की मालक मलाच हाक मारायचे. आतल्या पाड्यांवरच्या बायका बाजारात अक्षरं वाचत नसत, रंग ओळखून पुडा उचलत. लाल जरा हलला की पुडा दुकानातच पडून. म्हणून गिऱ्हाइकानं मागे सही केलेला एक रिकामा पुडा नमुना म्हणून घडी घालून काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे. स्वस्तातला लाल तो, उन्हात उडायचा. सकाळी दारातल्या उजेडात तो नमुना धरायचा, शेजारी बोटानं शाईचा ठसा मारायचा आणि दोन्ही एक होईस्तोवर कालवायचं. डोळा विसरतो, नमुना विसरत नाही, हा आमचा नियम. शाईचं ते टेबल म्हणजे माझी अब्रू होती.

मेहुण्याला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, मीच तिथं चिकटवला. मालकाचे अक्षरशः पाय धरले. शाई कालवायलाही मीच शिकवलं. मे महिन्यात गावी, माकुणसारला, घर शाकारायला बारा दिवस गेलो, तेव्हा पेटीची किल्ली विश्वासानं त्याच्याच हातात दिली. मूर्खच मी!

परतलो तर वेष्टणाचं काम आलेलं. नमुना काढला. मला फिका वाटला, खोटं कशाला बोलू? तसं म्हटलंसुद्धा. मेहुणा हसून म्हणाला, "दादा, सहीच्या नमुन्यापेक्षा तुमचा डोळा मोठा झाला का?" माझाच नियम माझ्याच तोंडावर मारला. सही तर खरी होती. मी गपगुमान लालात थोडा पिवळा, थोडा पांढरा घातला आणि नमुन्याबरहुकूम सगळा माल छापला.

पंधरा दिवसांत गिऱ्हाईक गठ्ठे घेऊन दारात. बायका म्हणे पुडा हातात घेऊन परत ठेवत होत्या, "यो आपला नाय." मालकानं चार माणसांत माझी हजामत केली, मला कागद कापायला बसवलं आणि शाईचं टेबल मेहुण्याला दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तो नमुना मागून घेतला आणि त्याची घडी उलगडली. आत दुमडलेला भाग तसाच होता, गडद, जुना लाल. बाहेरचा तेवढा उडालेला. किल्ली एकाकडेच होती. केसानं गळा कापला हो माझा!

मालकाकडे निघालो होतो, पण पाय बहिणीच्या खोलीकडे वळले. तिला आधी सांगावं, सावरावं. पोटुशी होती ती. नमुना उलगडून तिच्यापुढे धरला. मला वाटलं, रडेल.

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "घरी ह्यांनी आणला, पन उन्हात मीच ठेवायची. रोज सकाळी. हे कामावर जायचे ना."

मी नमुन्याची पुन्हा घडी घातली.

"तू एकटा हायस दादा, कुठंबी पोट भरशील. आमचं तसं नाय," ती म्हणाली. "जा, सांग मालकाला. पन मग माझंबी नाव सांग."

मालकाला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मेहुण्यानं केलं ते मी केव्हाच गिळलं. तिचं अजून गिळवत नाही.