चोचीचा टँकर्ड

आमच्या दादाला लोकांनी टाळ्या वाजवून लुबाडलं, आणि वर त्याच्याकडूनच आभाराचे दोन शब्द वदवून घेतले. या गोष्टीला आता बरेच महिने झाले. नवरा म्हणतो, झालं गेलं, सोडून दे. मी नाही सोडणार. दादाला भांडता येत नाही, आमच्या घरात ते खातं लहानपणापासून माझ्याकडे आहे.

दादा एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पुढे आरसे, गुळगुळीत टेबलं आणि नंबर तपासायची मोठी खुर्ची. मागच्या खोलीत एकच खिडकी, गरगरणारं यंत्र आणि पांढऱ्या चिखलाने माखलेला दादाचा एप्रन. गिऱ्हाइकांना तो कधी दिसायचाच नाही. दुकानाचे मालक त्याला "आतले" म्हणायचे. "आतल्यांना विचारून सांगतो" असं म्हणून ते आत यायचे आणि आतून मिळालेल्या उत्तराचं श्रेय बाहेर जाऊन स्वतः घ्यायचे. मी चिडायचे, दादा हसायचा.

त्याला नाद होता टँकर्डचा. टँकर्ड म्हणजे जुन्या काळचा बियर प्यायचा दांडगा पेला. एका बाजूला कान, वर बिजागरीचं झाकण, आणि ते अंगठ्याने उघडायला झाकणावर एक खटका. काही चांदीचे, काही रंगीत चिनीमातीचे, काही जाड राखी मातीचे, हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखे लागणारे. गंमत अशी की दादाने जन्मात बियरचा थेंब तोंडाला लावलेला नाही. तो दर सुट्टीला जुन्या बाजारातून पेले घेऊन येताना दिसायचा आणि शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. समोरच्या बाईंनी एकदा वहिनीला अगदी हळव्या आवाजात विचारलं, "फार घेतात का हो?" वहिनी म्हणाली, "हो ना. काल दोन घेतले. एकाचा कान तुटलेला निघाला."

त्याला त्यातलं फार कळत होतं असं काही मी म्हणणार नाही. माझा भाऊ आहे म्हणून खोटं कशाला बोलू? चिकार फसायचा. चांदीचा म्हणून मिरवत आणलेला पेला काही दिवसांत बुडाकडून तांबडा दिसायला लागायचा. मग दादा तो उजेडात धरून म्हणायचा, "पण घाट बघ ना किती छान आहे!" मातीचा एक पेला होता, त्याच्या आत तळाशी मातीचाच बेडूक बसवलेला. पिणाऱ्याची फजिती करायला जुन्या लोकांनी केलेली थट्टा ती. वहिनीने माझ्या नवऱ्याला, लग्नानंतर तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा, त्यातून सरबत दिलं. अर्धं सरबत संपल्यावर बेडकाचे डोळे वर आले आणि आमच्या जावयाने पेला हवेत उडवला. दादाने तो अलगद झेलला. त्याने आधी पेला तपासला, मग जावयाची चौकशी केली.

कपाटात चांदीचे आणि मातीचे तो एकत्र ठेवायचा. यात काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. पण गावात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि तिथे चांदीवाले मातीवाल्यांशेजारी बसतसुद्धा नाहीत. दादा दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसायचा. त्याला तिथे "चष्मेवाले" म्हणत. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. पांढरेशुभ्र दात, पांढरेशुभ्र कपडे, आणि जगात जे काही वाकडं असेल ते आपणच सरळ करायचं आहे असा चेहरा. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकला होता, पण मला बरेच लोक खटकतात, म्हणून मी गप्प बसले होते.

आता चोचीच्या टँकर्डबद्दल सांगते. तो खरा चांदीचा होता, खरा जुना, दादाला त्याच्या उभ्या आयुष्यात लाभलेला एकमेव अस्सल माल. फक्त त्याला चोच होती. म्हणजे झालं असं, की मूळ पेला झाला त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी कुणाच्या तरी घरात बियर पिणं मागे पडलं. एवढी चांदी नुसती बसवून कशाला ठेवायची, म्हणून त्यांनी पेल्याच्या पोटाला भोकं पाडून बाहेरून चोच जोडून घेतली आणि त्याची सुरई केली. असं तेव्हा पुष्कळांनी केलं म्हणे. जमवणाऱ्यांच्या लेखी मात्र असा पेला म्हणजे वाया गेलेला. दादाने मंडळात तो दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अरेरे! चष्मेवाले, एवढी सुंदर वस्तू आणि कुणी हा अत्याचार केला?" बाकीच्यांनी माना हलवल्या. दादा तो पिशवीत घालून घरी घेऊन आला.

वहिनीने तो बघितला, नळाखाली धरला, धार कशी पडते ते पाहिलं. "अहो, एक थेंब खाली सांडत नाही," ती म्हणाली. "हा काही कपाटात जायचा नाही. हा माझा." त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला. त्यात पाणी असायचं, उन्हाळ्यात लिंबाच्या चकत्या. चोचीमागच्या बारीक भोकांमुळे बिया आत अडकायच्या, ग्लासात येत नसत. वहिनीला याचं केवढं कौतुक! येईल त्याला ती ते दाखवायची. दादा कपाटातली चांदी फडक्याने पुसत बसायचा आणि या टँकर्डला मात्र कधी पुसावं लागलं नाही. रोजच्या हातांनीच तो लखलखीत राहिला.

मग वहिनीचं आजारपण आलं. आधी हातातली ताकद गेली, मग पायांतली, शेवटी आवाजही गेला. तिला पेला धरवत नसे आणि कडेने पाजलं की पाणी हनुवटीवरून गळ्यात जायचं. तिला त्याची फार लाज वाटायची. दादाने तो टँकर्ड तिच्या उशाशी आणला. चोच ओठांच्या कोपऱ्याला लावायची, कान जरासा उचलायचा, हवा तेवढाच घोट. तिचे कपडे पुन्हा कोरडे राहायला लागले. हाक मारता येईना तेव्हा ती एका बोटाने झाकणाचा खटका दाबून सोडायची. टक् असा आवाज व्हायचा आणि दादा असेल तिथून यायचा. दिवसभर टक् टक्. मी एकदा म्हटलं, "वहिनी, छळतेस हं माझ्या भावाला," तर तिने माझ्याकडे बघत मुद्दाम आणखी दोनदा वाजवलं. हसत होती ती.

ती गेल्यावर टँकर्ड परत टेबलावर आला. दादा त्यातूनच पाणी घ्यायचा. झाकणाच्या बिजागरीतली खीळ झिजून बाहेर सरकायला लागली होती. ती कशाने झिजली ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. झाकण एक दिवस निखळून पडेल म्हणून दादा घाबरला. नेमके तेव्हाच डॉक्टर भेटायला आले. म्हणाले, "माझ्या ओळखीचा चांदीचा कारागीर आहे, द्या इकडे, मी करून आणतो." मी तिथेच होते. दादाने माझ्यासमोर त्यांना सांगितलं, "फक्त खीळ. बाकी कशालाही हात लावायचा नाही." डॉक्टर म्हणाले, "अहो, काळजीच सोडा." माझ्या या कानांनी ऐकलंय मी ते.

पुढच्या महिन्यात मंडळाचा वार्षिक मेळावा होता. दादाला आग्रहाने पुढच्या रांगेत बसवलं, मला त्याच्या शेजारी. डॉक्टर बोलायला उभे राहिले. चष्मेवाल्यांचा साधेपणा, पत्नीच्या आजारात त्यांनी केलेली सेवा, असं काय काय बोलले. मग म्हणाले, "आपण सर्वांनी मिळून त्यांना एक भेट द्यायचं ठरवलं," आणि टेबलावरचं मखमली कापड उचललं.

खाली टँकर्ड होता. त्याला चोच नव्हती.

पोट सगळीकडून सारखं, गुळगुळीत, घासूनपुसून आरशासारखं केलेलं. चोच कुठे होती ते शोधूनही सापडू नये. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. मातीवालेसुद्धा उभे राहिले. "दोन शतकांचा अन्याय आज दूर झाला!" असं डॉक्टर म्हणाले आणि तो त्यांनी दादाच्या हातात ठेवला. दादाने अंगठा त्या जागेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मी त्याचा चेहरा बघत होते. काच घासताना तडकली की असा व्हायचा त्याचा चेहरा. मग तो म्हणाला, "छान काम आहे. आपला सगळ्यांचा आभारी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि विचारलं, "खीळ फक्त सांगितली होती ना? कुणाला विचारून चोच काढलीत?"

"ताई, ती मूळची नव्हतीच," डॉक्टर हसून म्हणाले. लहान मुलाला दाताबद्दल समजावतात ना, तस्सं. "नंतर कुणीतरी लावलेली होती."

"माझी वहिनीही आमच्या घरात नंतरच आली होती," मी म्हटलं. "तिलाही काढून टाकायचं का?"

दादाने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. लोक माझ्याकडे असे बघत होते जणू मीच कुणाच्या घरात शिरून तोडफोड केली आहे. मला त्या माणसांचा आजही संताप येतो. एकाही शहाण्याला वाटलं नाही, की ज्याची वस्तू आहे त्याला एकदा विचारावं! भेट म्हणे. आपल्याला जे सलतं ते दुसऱ्याच्या घरातून उपटून काढायचं आणि त्याला भेट म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कारागिराकडे गेले. एका गल्लीच्या टोकाला लहानसं दुकान, शेगडी, हातोड्या, पाण्याची बादली. मला वाटलं होतं, चोच कुठेतरी डब्यात पडलेली असेल. निदान ती तरी दादाला नेऊन देईन. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं.

"चोच?" तो म्हणाला. "ती वितळवली. तिच्याच चांदीचं ठिगळ केलं, भोकांच्या जागी बसवलं. बाहेरची चांदी नाही घातली. रंग कसा मिळालाय बघितलात ना?" तो बिचारा अभिमानाने सांगत होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की मालकांचीच तशी इच्छा आहे. मग त्याच्याशी काय भांडणार? तो म्हणाला, "पाहिजे तर नवी चोच करून लावतो, अगदी हुबेहूब." मी घरी येऊन दादाला ते सांगितलं. दादा म्हणाला, "नको. तिने जिच्यातून पाणी प्यायलं ती ही नसेल." आणि स्टीलच्या तांब्यातून पाणी ओतून घेतलं.

टँकर्ड टेबलावर होता. वापरात नव्हता, कपाटातही नव्हता. कडेने ओतलं तर पाणी सगळं बाहेरून ओघळायचं, तेही त्याने एकदा करून बघितलं होतं. टेबलावर डाग राहिला आहे त्याचा. मी म्हटलं, "दादा, तू एकदा तरी त्या डॉक्टरला बोल रे. नाहीतर मला बोलू दे." तो म्हणाला, "त्यांनी चांगल्यासाठी केलं गं." हे वाक्य मी डोकं आपटून घेईपर्यंत ऐकलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी डॉक्टर स्वतःच हजर झाले. वाचनालयाच्या दालनात मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांना तो टँकर्ड मधल्या काचेच्या पेटीत ठेवायचा होता. "गावातला सर्वोत्तम नमुना आहे, चष्मेवाले! आता त्याच्यात नाव ठेवायला जागा नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि ओठ घट्ट मिटून घेतले होते, कारण दादाने मला तसं बजावलं होतं.

दादाने टँकर्ड उचलला. स्वच्छ फडक्यात गुंडाळला, खोक्यात ठेवला, हलू नये म्हणून चारी बाजूंनी कागद कोंबला. काम करायचा तसंच, सावकाश. डॉक्टरांनी खोकं काखेत घेतलं आणि विचारलं, "परत कधी आणून देऊ?"

"आणू नका," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"माझा होता तो तुम्ही वितळवलात. हा तुमचा आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हे बोलणं माझंच असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी चकार शब्द काढला नव्हता. दादा जाऊन दार उघडून उभा राहिला, आणि ते बाहेर पडेपर्यंत तसाच उभा होता.