देव शिकायला गेलेली रंजी

खाणावळवालीच्या मोरीत दोन गोष्टी साठतात, उष्टी ताटं आणि लोकांचे किस्से. ताटं रोज घासून निघतात, किस्से राहतात. माझ्या भाचीचे, रंजनाचे, तर इतके साठलेत की कुणी गप्पांच्या मूडमध्ये जेवायला बसलं की मीच विचारते, "वाढू का एखादा?"

हे सगळं नव्वद सालानंतरचं. बारामतीला लागून जळोचीत माझी खाणावळ होती, कॉलेजची पोरं जेवायला यायची. रंजी माझ्या थोरल्या भावाची, निरवांगीची. सगळा गाव भावाला तात्या म्हणतो, म्हणून मीपण म्हणते. वस्तीवरच्या बिरोबाची पूजा त्याच्याकडं. रंजी माझ्याकडं राहून बी.ए. झाली आणि पुण्याला विद्यापीठात एम.ए.ला गेली. विषय काय घेतला, तर धर्म.

तात्या म्हणाला, "अगं, आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. त्याला पुण्याला जायचं काय कारण?"

"तात्या, तुमी पूजा करता. माणसं पूजा का करत्यात, ते मी बघणार."

तात्यानं जरा विचार केला. "म्हंजी राबायचं मी, बघत बसायचं तू. आन् डिग्री कुणाला, तर तुला."

शेवटी हो म्हणाला, पण अट घातली. चांगलं स्थळ आलं की असेल तिथं पुस्तक मिटायचं. रंजीनं कबूल केलं, करणार काय? मला मात्र त्या दिवसापासून कुणी नुसतं "पाहुणे येणारेत" म्हटलं तरी मी आधी विचारायचे, "कुणाकडं?" मला चौथीतून काढली तेव्हा अटसुद्धा घातली नव्हती कुणी. नुसतं दप्तर उचलून फळीवर ठेवलं.

०

सुट्टीला रंजी आली की शेजारची सुशीला हजर. एकदा लिंबू घेऊनच आली. तिची म्हैस दूध चोरत होती, धार देत नव्हती.

"रंजे, एवढं उतरून टाक गं म्हशीवरनं."

"काकी, लिंबू का उतरवत्यात, ते मी शिकते. उतरवायला न्हाय."

"मग उतरवायचं कोणत्या वर्षाला हाय?"

"ते न्हायच शिकवत."

सुशीलानं लिंबू पदराला बांधलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "कमळाबाई, तुमी फी अर्धीच भरलीया."

०

जेवायला येणाऱ्यांत एक शेतीचा डिप्लोमा करणारा दांडगा पोरगा होता. रंजीला रोज छेडायचा. एक दिवस भर पंगतीत म्हणाला, "ताई, एकदाच खरं सांगा. देव हाय का न्हाय?"

"तो प्रश्न आमच्या सिलॅबसमध्ये न्हाय."

सगळ्यांचे घास तोंडाशी थांबले. भाकरी थापता थापता मीच विचारलं,

"अगं, मग दोन वर्षं तिथं करता काय?"

"आत्या, आमचे सर म्हणत्यात, आपण मानायचं न्हाय आन् नाकारायचंबी न्हाय. बाजूला उभं राहून नीट बघायचं."

"रुसलेला जावई मांडवात उभा असतो तसं?"

"तसंच."

मग मला कळलं. अवघड काम आहे. रुसल्या जावयालासुद्धा जेवणाच्या वेळेला ते जमत नाही.

०

एकदा मला घेऊन मोरगावला गेली. एसटीत मला म्हणाली, "आत्या, आज मी हात जोडणार न्हाय. मी कामावर हाय."

गणपतीपुढं रांग. सगळे हात जोडतायत आणि ही खांबाला टेकून टुकूटुकू बघतीय. एका म्हातारीनं तिला हेरलं. काठी टेकत जवळ आली.

रंजी खूश. विचारायला लागली, "आजी, तुमी कुठनं आलाय? किती वर्षं येताय?"

म्हातारी म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. तू का रुसलीयास देवावर? नवरा नांदवत न्हाय का?"

"लगीनच न्हाय झालं."

"मग ठरत न्हाय का? बा दारू पितो का? आय हाय न्हवं?"

अर्धा तास म्हातारी विचारतीय आणि ही सांगतीय. लग्न, शिक्षण, तात्याची अट, सगळं. शेवटी रडलीसुद्धा. म्हातारीनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, मला म्हणाली, "पोर गुणाची हाय, शिकू द्या," आणि गेली.

परतीला रंजीनं वही उघडली आणि तशीच मिटली. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "आत्या, तिनं माझीच मुलाखत घेतली."

०

आणि मग, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, आलं स्थळ. मुलगा इंदापूरकडचा, साखर कारखान्यात परमनंट. तात्याच्या चेहऱ्यावर कारखान्याचा दिवाच लागला. मी मुद्दाम निरवांगीला गेले. म्हटलं, बघू तरी.

मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी उपास कुठलं कुठलं धरती?"

"एकबी न्हाय," रंजी म्हणाली.

"मग धर्म शिकती म्हंजी करती काय?"

रंजीनं शांतपणे उलटं विचारलं, "तुमचा कुळाचा देव कुठला?"

आई म्हणाली, "खंडोबा." मुलाचा चुलता वाक्य पुरं होऊ न देता म्हणाला, "न्हाय, वयनी. आपला म्हसोबा. खंडोबा तुमी माहेरनं आणला."

झालं. कुणी देव कुणावर लादला, वाटण्या झाल्यावर मूर्ती कुणी नेल्या, सगळं बाहेर आलं. रंजी मध्ये बसून म्हणतीय, "एकेकानं सांगा. मामी, तुमी आधी." मुलगा तेवढ्यात पोह्यांची तिसरी बशी संपवत होता. जीपमध्ये बसेपर्यंत भांडत गेले. मी मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोरगी पसंत. म्हणे, आमच्या घरातलं भांडण इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

तिथी वैशाखातली. रंजीची शेवटची परीक्षा त्याच आठवड्यात. तात्या म्हणाला, "अट ती अट."

०

रंजीचा प्रबंध बिरोबाच्या कौलावर होता. दगडाच्या देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कण्हेरीच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. तो बघायला त्याच दिवसांत तिचे सर पुण्याहून आले. चष्मा, बूट, खिशाला दोन पेनं. मीच त्यांना वस्तीवर घेऊन निघाले. वाटेत मला म्हणाले, "आम्ही मध्ये पडत नाही हं. फक्त निरीक्षण."

देवळात पोचल्यावर तात्या म्हणाला, "सर, नुसता दाखवायला कौल न्हाय लावत. देवाला खोटं काम सांगायचं न्हाय. खरा प्रश्न पायजे."

सर म्हणाले, "मग एखादा खरा असेल तर..."

मी म्हटलं, "हाय की. पोरीची परीक्षा का लगीन? इचार."

तात्यानं मला खाऊ का गिळू असं बघितलं. पण देवापुढं तोंडातून गेलेलं माघारी घ्यायचं कसं? त्यानं कळ्या लावल्या. "बिरोबा, पोरीनं परीक्षा द्यायची असंल तर उजवी दे. लगीन लावायचं असंल तर डावी."

सर उंबऱ्याबाहेर उभे, हातात पेन. आम्ही आत. काही हलेना. उन्हानं पत्रे तडतडत होते. मग डावी कळी जराशी खाली घसरली. रंजीनं माझा दंड असा धरला की चार बोटं उठली. मला काही ती कळी बघवेना.

तेवढ्यात मागनं कुजबुज ऐकू आली. "उजवी दे. उजवी दे रे बाबा. येईन मी."

वळून बघितलं, तर सर. बूट बाहेर, माणूस आत. डोळे गच्च मिटलेले, जोडलेल्या हातांत पेन अडकलेलं.

उजवी कळी पडली.

तात्यानं सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, सरांच्या जरा जास्तच. "सर, कौल मी मागितला. पण नवस तुमी बोलला. फेडायला तुमालाच यावं लागंल."

"अहो, मी निरीक्षण करत होतो," सर म्हणाले आणि कपाळ न पुसताच गाडीत बसले.

कारखानावाले थांबले नाहीत. रंजी पास झाली. बिरोबाच्या जत्रेला एक टॅक्सी वस्तीवर येऊन थांबली. सर उतरले, मागनं बायको, हातात नारळांचं तोरण.

मी मुद्दामच विचारलं, "काय सर, बघायला आलाय?"

सर वाकून बूट काढत होते. म्हणाले, "बघायचं नंतर. आधी आत जाऊन येतो."