'या' म्हटल्याशिवाय

सभ्यपणाची स्पर्धा कुणी पेणमध्ये भरवलीच, तर आमचे समोरचे काका पहिले येतील. पण बक्षीस घ्यायला जाणार नाहीत, कारण मंडपाच्या दारात 'या' म्हणायला कुणी उभं नसेल. 'या' ऐकल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. दार सताड उघडं असो, आत पंगत बसलेली असो, काका शर्टाची वरची गुंडी लावून "येऊ का?" विचारणार आणि पायरीशी उभे राहणार. 'या' आलं की चपला काढून, जोडीनं भिंतीला लावून मगच आत. कासूला चुलतभावाकडे साखरपुडा होता, तेव्हा घरातली सगळी फोटोत गुंतलेली आणि हे अंगणात उन्हात. तोंड धुवायला बाहेर आलेल्या भटजींनी "या" म्हटलं, तोवर शेवटची पंगत उठली होती. मी बाई आधीच फटकळ. म्हटलं, "फोन करकरून बोलावलं होतं ना तुम्हाला?" तर म्हणतात, "फोनवर बोलावलं व्हतं गो. दारात कुठं बोलावलं?"

बाकीचंही सगळं असंच. दुपारी गल्लीत कुणी झोपलं असेल म्हणून कोपऱ्यावरच गाडी बंद करून घरापर्यंत ढकलत आणणार. व्हिडिओ कॉल आला की आधी शर्ट घालणार, केस विंचरणार, आणि तोवर कॉल बंद पडलेला. पण कमाल म्हणजे, 'या'चा नियम स्वतःच्या घरालाही लागू! लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दारातून नव्या नवरीला विचारलं, "येऊ का?" काकी जोह्याच्या, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत वाढलेल्या. घाबरून "या" म्हणाल्या आणि जन्माच्या अडकल्या. काका रोह्याच्या कंपनीतून कुठलीही शिफ्ट करून येवोत, दारात "येऊ का?" ठरलेलं आणि आतून काकींचं "या"ही ठरलेलं. कधी लाडात, तर कधी तव्यावर भाकरी करपत असताना, "या हो, या! घर तुमच्या बापाचंच हाय!" आम्ही समोर हसून बेजार व्हायचो.

गेल्या गणपतीनंतर काकींना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. बोलतं करत राहा, एवढंच डॉक्टर म्हणाले. काकी इस्पितळातून घरी आल्या, दारासमोरच त्यांची खाट टाकली. त्या संध्याकाळी काका भाजी घेऊन आले आणि दारात थांबले. "येऊ का?"

काकींचे ओठ नुसते हलले. सून धावत आली. "या ना बाबा."

"तुजा नको गो. तिचा पायजे."

बराच वेळ उभे राहिले, मग घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले आणि बायकोला पेज भरवायला बसले. हे पुढे रोजचंच झालं. सकाळी तिची वेणी घालायचे, कंपनीतून रिटायर झालेले, म्हणून दिवसभर तिचं सगळं करायचे, पण संध्याकाळी पुढच्या दारात येऊन विचारायचे, थांबायचे आणि मागून आत जायचे. काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला बघवेना. एकदा तडकलेच मी. "काका, त्या माउलीला कशाला रडवता? खड्ड्यात जाऊ दे तो मेला नियम!"

ते रागावले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "मी इचारायचा थांबलो, तर तिला वाटंल, आता आपल्या बोलन्याची कुनाला गरजच नाय." माझं तोंड एवढंसं झालं.

परवा दिवेलागणीला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाऊस नुकताच थांबलेला, गल्लीत राड. काका आले. "येऊ का?" आतून घरघर ऐकू आली. सून असेल, खुर्ची सरकवत असेल, असं वाटलं मला. मग घोगरं, वाकडंतिकडं, पण स्वच्छ कळेल असं आलं, "या."

भाजीची पिशवी पायरीवरच पडली. काका आत धावले. चपला घालून! सगळा जन्म दुसऱ्याच्या फरशीला जपणारा हा माणूस स्वतःच्या घरात चिखलाचे पाय उमटवत खाटेपर्यंत गेला आणि बायकोच्या उशाशी बसून मोठ्यानं रडला. सून फडकं घेऊन आली, तर काकींनी डावा हात आडवा धरला. मी तांदूळ तसेच टाकून तिथंच रडत बसले.

काकींना अजून तेवढा एकच शब्द येतो. कधी कधी तोही येत नाही. संध्याकाळी काकांची पावलं वाजली, की मी आमच्या टीव्हीचा आवाज बंद करते.