दाजींच्या नडगीतला रॉड

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, राणीसावरगावाकडं दिलेलं आहे. दिवाळी झाली की ती आणि दाजी ऊसतोडीला जातात. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडला की दुसऱ्यालाही काम राहत नाही. आमच्याकडच्या लग्नांत सप्तपदीचा अर्थ लाऊडस्पीकरवरून सांगतात. मला तो इतका नेमका फक्त तोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कळला.

एका उन्हाळ्यात मोटारसायकल घसरून दाजींच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं. परभणीच्या दवाखान्यात हाडाच्या पोकळीत रॉड घातला, वर-खाली स्क्रू पिळले. गावात त्या रॉडचं भारी कौतुक झालं. भेटायला येणारा जो तो नडगीवरून हात फिरवून बघायचा. एक पुढारी फोटोवाल्यासकट आला, दाजींना ‘पोलादी माणूस’ म्हणाला आणि त्यांच्या अंगावर शाल टाकून गेला. हिवाळ्यात ती शाल शेळीच्या अंगावर दिसली.

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरून आम्हाला दाखवला. हाडात काळी फट तशीच होती.

“हाड जुळलेलं नाही,” ते म्हणाले. “सगळा भार रॉडवर येतोय. तार वाकवून वाकवून तुटते, तसा हाही तुटेल. काठी सोडू नका. डोक्यावर ओझं तर घ्यायचंच नाही.”

दाजींनी मान डोलावली. बाहेर चहा पिताना मात्र म्हणाले, “पाव्हणं, डाक्टर भेव घालायलाय. आत लोखंड हाय. हाडापरीस पक्कं.”

“हाड जुळेपर्यंतचा टेकू आहे तो, दाजी.”

“मंग तुमच्या शाळंच्या स्लॅबात काय हाय? गजच की.”

“आमचा स्लॅब गळतो.”

दाजी हसले. मग कपातलं उरलेलं फेकून म्हणाले, “मी घरी बसलो तर तुमची अक्का बी बसली. अर्धा कोयता कोन नेतंय?”

मी चहाचे पैसे दिले. दिवाळीनंतर दोघं गेली. काठी दाराआड राहिली.

त्याच आठवड्यात इकडं एका साखर कारखान्याच्या हंगामाचा शुभारंभ होता. आम्हा शिक्षकांना बसायला बोलावलं होतं, म्हणून मी बसलो. पांढऱ्या कपड्यांतल्या पाच-सहा जणांनी हार घातलेली उसाची एक मोळी मिळून उचलली, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत टाकली आणि घाम पुसत खुर्च्यांवर बसले. तेवढीच मोळी दाजी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढायचे. एकटे.

संक्रांतीच्या आधी अक्काचा फोन आला.

“फळीवर होते. कट्‌कन वाजलं. उसाचं कांडं मोडल्यावानी. फडात तसं दिसभर वाजतंय, कोनीच मागं पाह्यलं न्हाई. मी बी न्हाई.”

रॉड खालच्या स्क्रूच्या भोकापाशी तुटला होता. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच आम्हाला भय वाटलं. वरचा तुकडा निघाला. खालचा रुतून बसला होता, तो तिथंच ठेवला. हाडाला बाहेरून धातूची पट्टी बसवली, फटीत कमरेचं थोडं हाड काढून भरलं. पुढं हाड जुळलं, पण पाय आखूड झाला आणि घोटा वळेना. चालाल, डॉक्टर म्हणाले. फळीचं दाजींनी विचारलंच नाही.

पुढच्या दिवाळीनंतर अक्का दाजींच्या विधवा बहिणीला जोडीला घेऊन निघाली. दोन बायांचा कोयता मुकादमाला पटत नव्हता. बरीच कुरकुर करून तो तयार झाला. दाजींनी आदल्या दिवशी दोन्ही कोयत्यांना कानस मारून धार लावली. निघताना ते ट्रॉलीचा फाळका धरून उभे राहिले. अक्काकडं त्यांनी बघितलं नाही.

“फळीवर पाय आडवा टाकायचा,” ते बहिणीला सांगत होते. “सरळ टाकला की घसरतंय.”

“व्हय, दादा.”

“मोळी मागं कलू द्यायची न्हाई.”

“व्हय.”

ट्रॅक्टर सुरू झाला. अक्का म्हणाली, “हात काढा आता.” दाजींनी हात काढला. ट्रॉली वळेपर्यंत ते पाय आडवा टाकायचं सांगत होते. इंजिनाच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसावं.