शेख सरांचं ‘मदर टंग’

आम्ही भोकरदनच्या शाळेतले जुने सोबती जमलो, की घरची चौकशी राहते बाजूला आणि इंग्रजीचे शेख सर निघतात. एकानं एक सांगावं, की दुसऱ्याला दोन आठवतात. सत्तरच्या दशकातले हे किस्से अजून संपून नाही राह्यले.

सरांचा हट्ट एकच. "शब्द पाठ करून काय फायदा? वाक्यात बसवा, मंग तो तुमचा." आठवीत त्यांनी ‘मदर टंग’ दिला. मातृभाषा, हा अर्थ सांगायच्या आतच बबननं लिहून टाकलं, "माय मदर टंग इज व्हेरी लाँग."

सरांनी शांतपणे मराठी केलं, "माझ्या आईची जीभ फार लांब आहे."

बबन म्हणाला, "बराबर आहे, सर. शेजारणीला विचारा."

\*

रफिकच्या घरी उर्दू. त्यानं इंग्रजीत लिहिलं, मातृभाषा उर्दू आहे, पण आई रागावते मराठीत. सरांनी वाक्य बिनचूक ठरवलं आणि असं का, म्हणून विचारलं.

"गल्लीला समजायला पाहिजे ना, सर."

\*

एकदा शाळा तपासायला साहेब आल्ते. मलाच उठवलं, "व्हॉट इज युवर मदर टंग?" घाबरून मी नुसतं ‘मदर’ ऐकलं आणि ताठ उभा राहून म्हणालो, "पार्वतीबाई."

साहेब सरांकडे बघायला लागले. सर म्हणाले, "उत्तर बराबर आहे, साहेब. प्रश्न जरा लांब झाला."

\*

केसर हसनाबादहून एसटीनं यायची. ‘मदर टंग’वर तिनं काहीच लिहिलं नव्हतं. सर रागावले, तेव्हा हळूच म्हणाली, "माझी माय बोलत न्हाई, सर. जन्मापासून मुकी-बहिरी हाय."

सर खुर्चीत बसले. मग घरी कसं बोलता, विचारलं. तिनं हात हलवून दाखवले.

दिवाळीनंतर केसर यायची बंद झाली. घर चालवणाऱ्या काकांनी शाळा सोडवली, स्थळं बघून राह्यले, असं कळलं. रविवारी सर हसनाबादला गेले. सोबत मी आणि रफिक. काका काही ऐकेनात. तेव्हा सरांनी केसरलाच विचारलं, ‘हिला शिकू द्या’ हे हातानं कसं म्हणायचं? तिनं दाखवलं. सर तिच्या आईसमोर जमिनीवर बसले आणि अडखळत हातांनी तेच म्हणाले.

आईनं पदर खोचला, दिराकडं वळली. कितीतरी वेळ तिचे हात चालू होते. आम्हाला एक अक्षर कळलं नाही.

सोमवारी केसर वर्गात. सरांनी विचारलं, माय काय म्हणाली गं?

"लई बोलली, सर. काका अजून गप हायेत."